लाल शाईतलं वाचायचं नाही

येलहंका, बेंगळूर, ९ जानेवारी २०२५

दादा,

मायन्याची भानगड ठेवत नाही. चार वर्षं माझा फोन न उचलणाऱ्या माणसाला साष्टांग घालायचा तर आधी त्यानं समोर उभं राहायला हवं. तू राहत नाहीस, म्हणून नुसतंच 'दादा' लिहिते आहे. वहिनी, वाचताना माझ्यासारखा फणकारा आणा जरा. नाहीतर त्याला वाटेल, पत्र तुम्हीच रचलंत.

लिहायला कारण आहे. माझ्या मानेत गाठ आली आहे. डाव्या बाजूला, जबड्याच्या कोपऱ्याखाली. गेल्या श्रावणात मंगळसूत्राचा फासा लावताना बोटाला लागली, तेव्हा सुपारीएवढी होती. आता लिंबाएवढी आहे. दुखत नाही, खुपत नाही, नुसती बसून आहे, तुझ्यासारखी.

इथल्या एका डॉक्टरनं हात लावला आणि टीबी ठरवून टाकला. मानेत गाठ म्हणजे गंडमाळ, दुसरं काही असूच शकत नाही, असं आपल्याकडे लोक मानतात आणि डॉक्टरही लोकांतलेच. गोळ्या घेतल्या. लघवी केशरी झाली, अन्नावरची वासना उडाली, गाठ जागची हलली नाही. खालच्या मजल्यावर आनेकलच्या विठाबाई राहतात, त्यांनी चुना आणि गूळ कालवून लेप घातला. म्हणाल्या, "स्वल्प धीर धर अक्का, पिकून फुटेल." कातडी भाजून निघाली. शेवटी तुझा मेव्हणा उल्हास वैतागला आणि मला उचलून रिंग रोडवरच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला. तिथं गाठीत सुई घातली, तेव्हा कानापर्यंत अशी कळ गेली की मी नर्सचा हात पिरगाळला. एवढं करून रिपोर्ट काय, तर नमुना पुरेसा नाही. पुढच्या आठवड्यात एमआरआय आहे.

मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. एकदा फोन उचल. भेटायला ये म्हणत नाही. आईचा विषय मी काढणार नाही, तुला काढायचा असेल तर काढ, शिव्या दे, मी ऐकून घेईन. पण मी बोलत असताना तू ऐकतो आहेस, असं एकदा होऊ दे. कारखान्याच्या एक्स्चेंजवर बसून तू अख्ख्या तालुक्याचे फोन उचललेस. ऊस कधी तोडणार म्हणून आईबहिणीवरून शिव्या देणाऱ्यांनाही 'जोडून देतो साहेब' म्हणालास. मग बहिणीचाच उचलायला काय होतं?

दर्शी

(लाल शाईत)

वहिनी, आईची पद्धत तुम्हाला माहीत आहे. दादाला वाचून दाखवायच्या पत्रात जे वाचायचं नाही ते लाल. मामा आजारी होता ते तिनं असंच महिनाभर गाळलं होतं. दादाही पक्का. डोळ्यांचं सगळं कानात गेलेलं. म्हणायचा, "आई, मध्ये श्वास घेतलास. काय गाळलंस?" म्हणून लाल भागाशी आलात की थांबू नका, सरळ 'दर्शी' म्हणून घडी घाला.

हॉस्पिटलातले डॉक्टर भीमाचार्य म्हणून आहेत. त्यांनी गाठ दाबली आणि मला ठसका लागला. हात काढला, ठसका थांबला. पुन्हा दाबली, पुन्हा ठसका. मग ते म्हणाले, ही ग्रंथीची गाठ नाही, नसेची दिसते. आणि ज्या नसेची दिसते ती आवाजाची नस आहे. काढायला गेलं तर आवाज जाऊ शकतो.

हे दादाला कळता कामा नये. त्यानं मला कधी पाहिलेलं नाही, वहिनी. माझं नाक कसं आहे, मी केस पिकू दिले की रंगवले, त्याला काय करायचंय? त्याच्यासाठी मी म्हणजे माझा आवाज. तो जायच्या आधी त्यानं एकदा ऐकावा, एवढंच मला हवं आहे. पण दयेनं नको. आवाज जाणार म्हणून तो फोनवर आला, तर तो माझ्याशी बोलायला आलेला नसेल, मौतीला आलेला असेल.

येलहंका, १६ फेब्रुवारी

दादा,

वहिनींचा निरोप आला. 'वाचलं. उठून गेले.' एवढाच. म्हणजे निदान उठण्याइतका तरी राग शिल्लक आहे. बरं वाटलं.

एमआरआय झाला. कॅन्सर नाही. गाठ नसेच्या वरच्या आवरणाची आहे. डॉक्टर भीमाचार्यांनी कागदावर काढून दाखवलं. तुला मी तुझ्या भाषेत सांगते. टेलिफोनची जाड केबल असते ना, आत शंभर तारा आणि वरून प्लास्टिक? त्या केबलच्या आत फुगा धरला आहे. तारा तुटलेल्या नाहीत, फुग्याच्या अंगावरून ताणून पसरल्या आहेत. तारांना धक्का न लावता वरून चीर द्यायची आणि फुगा तेवढा बाहेर काढायचा, असं ऑपरेशन असतं. घाई नाही म्हणाले. अशा गाठी गोगलगायीच्या चालीनं वाढतात. थोडे महिने बघू, वाढली तर काढू.

उल्हासनं पेढे आणले. ऑफिसात वाटले, सोसायटीत वाटले, वॉचमनलासुद्धा दिले. "इट्स बिनाइन, यार! अजून काय पाहिजे तुला?" पुण्याचा माणूस आणि पेढे वाटतो, म्हणजे आनंद किती झाला असेल बघ. जो येतो तो 'नशीब समज' म्हणतो. मी पेढा तोंडात धरून बसले होते, गिळवत नव्हता. माणूस मरणार नसेल तर त्याला रडायचा अधिकार नसतो, हे मला त्या दिवशी समजलं.

तू म्हणशील, साधी गाठ आहे तर एवढा आटापिटा कशाला? असू दे. तुझ्या त्या मोबाइलवर मी बोलून पाठवलं होतं, तेही तू दाबलं नाहीस. पूर्वी म्हणायचास, रेकॉर्ड केलेला आवाज म्हणजे शिळा भात. मग ताजा ऐक की. लँडलाइनवर कर, रविवारी आम्ही घरीच असतो.

दर्शी

(लाल शाईत)

वहिनी, आवाजाचं मी स्पष्ट विचारलं. डॉक्टर चांगला माणूस आहे, खोटं बोलत नाही, त्यामुळे जास्त भीती वाटते. म्हणाले, फुगा सुटला तरी तारा दुखावतात. बहुतेकांचा आवाज निदान काही महिने बसतो. काहींचा परत येतो, काहींचा पूर्वीसारखा होत नाही. घशातली एका बाजूची स्वरपट्टी हलायची थांबते आणि नुसती हवा जाते. मग इंजेक्शन आहे, छोटं ऑपरेशन आहे, बोलण्याचे व्यायाम आहेत. "पण आवाज तोच असेल का?" मी विचारलं. ते म्हणाले, "बोलता येईल, मॅडम." मी विचारलं काय आणि त्यांनी उत्तर कशाचं दिलं!

बेळ्ळंदूरला माझा शनिवारचा वर्ग चालतो, बोलक्या कन्नडचा. पुण्या-मुंबई-नागपूरची आयटीतली मुलं येतात. ऑटोवाल्याशी 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, याच्यापुढे ज्यांची गाडी जात नाही अशी. मी म्हणते, ती माझ्यामागून म्हणतात. ते बंद झालं तर घरी बसेन, त्याचं एवढं काही नाही. वर्गाला दुसरी बाई मिळेल. दादाला दुसरी बहीण कुठून मिळणार?

येलहंका, ६ एप्रिल

दादा,

पाडव्याला मी फोन केला होता. तुला माहीतच आहे. वहिनींना कदाचित माहीत नसेल, म्हणून त्यांनाही कळू दे.

तू उचललास. "हॅलो" म्हणालास, तुझा तो एक्स्चेंजवरचा हॅलो, मागचा 'लो' लांबवलेला. मी तोंड उघडलं. 'दादा'मधला पहिला 'दा' झाला आणि तू फोन ठेवलास. दुसरा 'दा' मी नुसत्या टूं टूं आवाजाला ऐकवला. इतक्या वर्षांनी, एका अक्षरावर, अर्ध्या श्वासावर ओळखलंस मला! मी रागानं रडले आणि खरं सांगू का, त्यातच मला हसूही आलं. उल्हासला म्हटलं, बघ, विसरलेला नाही. तो म्हणाला, "ही इज बीइंग रूड आणि तुला कौतुक?" त्याला नाही कळायचं.

पण आता कौतुक पुरे झालं. आईचा विषय काढणार नाही म्हटलं होतं, मोडते माझा शब्द. आईला दम लागला होता, ती निळी पडत चालली होती आणि डॉक्टर माझ्यापुढे कागद धरून उभा होता. मी सही केली. तिच्या घशात नळी गेली. तू रात्रभर बसमध्ये आदळत आलास, तिचा हात धरून 'आई, आई' करत बसलास, आणि मशीनशिवाय काही बोलेना. त्याच नळीवर ती तिसऱ्या दिवशी गेली. व्हरांड्यात तू मला म्हणालास, "तू तिचं तोंड बंद केलंस." सगळ्यांच्या देखत. दादा, आजही तो कागद समोर आला तर मी सही करीन. तुझ्यासाठी ती बोलायची थांबली तेव्हाच गेली. मला ती दिसत होती, तिची छाती वरखाली होत होती, माझ्यासाठी ती होती. आपण दोघं एकाच बाईच्या दोन वेगवेगळ्या मरणांना बसलो होतो. यात माझं काय चुकलं ते एकदा तोंडानं सांग.

गाठ वाढली आहे. आता जेवताना ठसका लागतो, मान वळवली तरी लागतो. वर्गात बोलताना लागला की मुलं घाबरून पाणी आणतात. ऑपरेशन १२ मेला ठरलं आहे. त्याच्या आधी फोन कर. मी मिनतवारी करते आहे, हे लिहायला मला लाज वाटते, पण करते आहे.

दर्शी

(लाल शाईत)

वहिनी, तुम्ही लिहिलंत, 'सांगून टाकू का? पाझर फुटेल.' नका सांगू. तुमचे उपकार आहेत, तुम्ही त्याची बाजू घेता आणि तरी माझी पत्रं वाचता, पण हे नका करू. मी त्याला ओळखते. आवाज जाणार असं कळलं तर तो आतून आईच्या वेळेसारखा होईल. रोज फोन करील, माझ्याशी हळू हळू बोलेल, आजाऱ्याशी बोलतात तसं. मला माझा भांडखोर दादा हवा आहे. त्यानं एकदा "काय गं दर्शे, अक्कल आली का?" असं विचारलं तर मी सुखानं मान कापून घेईन.

तुम्हाला मी हट्टी वाटत असेन. त्या घरातली आहे मी.

येलहंका, ११ मे

दादा,

उद्या पहाटे निघायचं आहे. उशीर झाला तर बेळ्ळंदूरच्या अलीकडेच अडकू आणि उल्हास स्टिअरिंगवर डोकं आपटून घेईल.

आज दिवसभर मी फोन हातात घेऊन फिरले. आंघोळीला जाताना बाहेर स्टुलावर ठेवला, मोठा आवाज करून. विमानं जात होती तेव्हा खिडक्या लावून घेतल्या, घंटा ऐकू आली नाही असं व्हायला नको म्हणून. गॅस एजन्सीचा फोन आला, क्रेडिट कार्डवाल्या मुलीचा आला. तिच्याशी मी उगीचच खूप वेळ बोलले. तिला वाटलं असेल, बाई कार्ड घेणार.

भूल देताना माझ्याही घशात नळी घालणार आहेत. डॉक्टरनी सांगितलं तेव्हा मला तुझी आठवण आली. सही यावेळी उल्हासनं केली.

मला भीती वाटते, दादा. मरायची नाही, तो धोका नाहीच जवळजवळ, सगळे पेढे खाऊन बसलेत. वेगळीच भीती आहे, आणि ती तुला सांगता येत नाही. लहानपणी वीज गेली की मी किंचाळायचे आणि तू म्हणायचास, "बोलत राहा, म्हणजे मला कळेल कुठं आहेस." आता मला कळत नाही, काय केलं म्हणजे तुला कळेल मी कुठं आहे. मी हरले, असं समज. अजून रात्र आहे, हेही सांगून ठेवते.

दर्शी

(या पत्रात लाल काही नाही, वहिनी. हे पोचेपर्यंत ऑपरेशन होऊन गेलेलं असेल. तरी सगळं वाचा.)

येलहंका, ३ जून

वहिनी,

हे अख्खं पत्र लाल शाईत आहे आणि फक्त तुमच्यासाठी आहे. दादा घरात असेल तर परसात जाऊन वाचा.

ऑपरेशन चांगलं झालं. सगळे तसंच म्हणतात. गाठ अख्खी निघाली, तपासणीतही साधीच निघाली, पुन्हा व्हायची शक्यता फार थोडी. मानेवर टाके होते, ते निघाले, वण पदराखाली झाकतो. तारा वाचवल्या असं डॉक्टर भीमाचार्य म्हणाले. आतमध्ये नसेवर यंत्र लावलं होतं, ते शेवटपर्यंत वाजत होतं, म्हणजे नस जागी होती. आठवड्यानं त्यांनी नाकातून दुर्बीण घालून पाहिलं. डावी स्वरपट्टी निपचित आहे. तारा आहेत, त्यातून काही जात नाही. वर्षभर वाट बघू म्हणाले, कदाचित थोडं येईल. 'कदाचित' म्हणताना ते फाईलमध्ये बघत होते.

आवाज कसा आहे ते तुम्हाला कसं सांगू? जुनाट पत्र्याच्या डब्यात कुणी कुजबुजतंय असा आहे. अर्धी हवाच जाते. एक वाक्य बोलायला तीन श्वास लागतात. पाणी पिताना ठसका लागतो, हनुवटी छातीला लावून प्यावं लागतं. वर्गातल्या मुलांना मी फोनवर बरी आहे म्हटलं, तर त्यातल्या एकीनं विचारलं, "आंटी, मॅमना फोन देता का?"

तुमचा मेसेज मी शुद्धीवर आल्यावर वाचला. उल्हासनं डोळ्यांपुढे धरला. 'आज सकाळपासून फोनपाशी बसून आहेत. म्हणाले, शुद्धीवर आली की तिला म्हणावं फोन कर, मी उचलतो.' वहिनी, मला वाईट बोलायचं नाही, पण मला त्या क्षणी वाटलं की टाके उसवून घ्यावेत आणि ती गाठ परत आत शिवायला सांगावी. पाडव्याला माझा आवाज धडधाकट होता. आदल्या रात्रीपर्यंत होता. त्यानं माझा आवाज बंद होण्याची वेळ बरोब्बर गाठली आणि मग त्याला पाझर फुटला.

तरी मी ठरवलं, करायचा. दहा-बारा दिवस व्यायाम केले. 'आ' म्हणायचं, 'ई' म्हणायचं, भिंतीला हात टेकून जोर लावायचा. 'दादा' म्हणून पाहायची, बंद खोलीत. मला वाटायचं, जमतंय. आपल्याला आपलं सगळं ओळखीचंच वाटतं.

परवा दुपारी फोन लावला. तुम्ही घरात नव्हता, तुमची दळणाला जायची वेळ. खूप वेळ वाजला. मग उचलल्याचा खट्ट आवाज, 'धावताना नेमकी ही खुर्ची वाटेत' म्हणून तो कळवळला, आणि धापा टाकत 'हॅलो'.

मी म्हटलं, "दादा."

"कोण पाहिजे?"

"दादा, मी."

"अक्का, नंबर चुकलाय तुमचा." मऊ बोलला, वहिनी. इतकं मऊ तो माझ्याशी उभ्या जन्मात बोललेला नाही. "कुठं लावायचा होता? बरं नाही काय तुम्हाला? घाई करू नका, पाणी प्या, मग सावकाश लावा. पण आत्ता ठेवा बघू. लाइन मोकळी पाहिजे. माझ्या बहिणीचा फोन यायचाय बेंगळूरहून. ऑपरेशन झालंय तिचं."

मी तोंडावर हात ठेवला. मग सगळा जोर लावून म्हटलं, "दादा, मीच. दर्शी."

तो गप्प झाला. मला वाटलं, ओळखलं. मग त्याचा आवाज बदलला.

"कोण बाई तू? हे नाव कुणी दिलं तुला? परवा शेजारच्या येसाजीच्या घरी असाच फोन आला, पोरगा हॉस्पिटलात आहे म्हणून, लुबाडलं बिचाऱ्याला. मला शिकवतीस? आंधळा आहे, बहिरा नव्हं. माझी बहीण नुसती श्वास घेतली तरी कळतं मला. तिच्या नावानं परत फोन करशील तर पोलिसात देईन. ठेव! तिचा फोन यायचाय."

आईचं नाव सांगायचं होतं मला, आप्पांचं सांगायचं होतं, अंधारात तो काय म्हणायचा ते सांगायचं होतं. ठसका लागला. थांबला तेव्हा फोन ठेवलेला होता.

पुन्हा लावायला बोट गेलं. पुन्हा लावला असता तर त्यानं लगेच उचलला असता, माझाच समजून. तेवढ्यासाठी मी थांबले.

दोष त्याचा नाही. लाल शाईत लिहिलं मी, गाळून वाचलंत तुम्ही. त्याला कुणी सांगितलंच नाही की आवाज बदलणार आहे. आपण त्याच्यापासून चांगल्या मनानं लपवलं आणि त्यानं जे ऐकलं त्यावर विश्वास ठेवला. आयुष्यभर तेच करत आला तो, दुसरं काय करणार?

उल्हास म्हणतो, मी बोलतो त्याच्याशी, दोन मिनिटांचं काम आहे. मी त्याच्या हातून फोन काढून घेतला. वर्गाची जुनी रेकॉर्डिंगं आहेत, त्यातलं एक पाठवू म्हणाला. तेही नको म्हटलं. खरं कळलं तर काय होईल ते बघा. ज्या बाईला त्यानं पोलिसात देतो म्हटलं ती मी होते, हे त्याला कळेल. ते एक वेळ तो सोसेल. पण पाडव्याला त्यानं जो अर्धा शब्द कापला, तोच माझा त्याच्या वाट्याचा शेवटचा शब्द होता, हेही कळेल. मला खूप राग आहे त्याचा, वहिनी, अजून आहे. तरीही एवढी शिक्षा मी त्याला देऊ शकत नाही.

म्हणून तुम्ही एक करा. तो विचारेल, तिचा फोन का नाही आला? त्याला सांगा, दर्शी बरी आहे, पण रागावली आहे. म्हणते, चार वर्षं तू उचलला नाहीस, आता मी करणार नाही. तो चिडेल, मला बोल लावेल, म्हणेल, जाऊ दे उडत. म्हणू द्या. रागावलेली बहीण त्याच्या सवयीची आहे. ती कशी बोलली असती ते त्याला तोंडपाठ आहे. उद्या माझा आवाज थोडा परत आलाच तर बघू. मला तो येईल असं वाटत नाही.

तो फोनपाशी बसला तर त्याला उठवू नका. घंटा वाजली की धावेल, धावू द्या. वाटेतली ती खुर्ची तेवढी भिंतीला लावून ठेवा.

दर्शी